जुन्या टायरवरचं टायमिंग

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांची शटरं वर जातायत. शेजारच्या गल्लीत, गॅरेजमध्ये, रेसिंगच्या दोन गाड्या स्टँडला लावल्यात. रंग एकच, स्टिकर तेच. पण टायरवरून हात फिरवून बघा. एकाच्या कडा कोऱ्या आहेत, दुसऱ्याच्या भाजून खरखरीत झाल्यात. ही दुसरी गाडी आमच्या मित्राची. टीमचा तो दुसरा रायडर.

घरी आत्या विचारते, "दुसरा आलास, मग कप मिळाला असेल ना रे?" तो दर वेळी सांगतो, "आलो नाही गं आत्या. मी दुसरा आहे."

पुण्यात दुचाक्या रस्त्यावर मावत नाहीत, पण रोड रेसिंगचा ट्रॅक नाही. म्हणून टेम्पोत गाड्या बांधायच्या आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जायचं, नाहीतर कोइमतूरला. चेन्नई म्हणजे सुमारे १२०० किलोमीटर. एवढं जाऊन सरावाला नवा टायर मिळतो पहिल्या रायडरला. त्याचे पंधरा-वीस लॅप झाले की तोच टायर ह्याच्या चाकावर चढतो. नवी ब्रेकपॅड आली की "जरा चालवून बसवून दे" म्हणून ह्याला पाठवतात. ती नीट बसली की जातात पहिल्याच्या गाडीत. क्वालिफाइंगला, म्हणजे शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या फेरीला, ह्याने पुढे राहून वारा कापायचा. मागच्याला हवेचा अडथळा कमी लागतो, सरळ पट्ट्यावर त्याचा वेग वाढतो. ह्याचा स्वतःचा लॅप मात्र त्यात जातो.

टीमकडे पैसे मोजके असतात, आणि एकच गाडी जिंकण्याजोगी होणार असेल तर ती जास्त वेगवान माणसाला द्यावी, हे त्यालाही पटतं. मला खुपतं ते वेगळंच. ह्या दोघांत जास्त वेगवान कोण, हे आता कुणी बघतच नाही. सगळ्यांना सारख्या गाड्या असलेल्या शर्यतींत दोघं एकमेकांना घासून धावायचे. आता लॅप हळू लागला, की चूक हाताची होती की टायरची, हा प्रश्न घेऊन तो परतीच्या टेम्पोत बसतो. सोलापूर मागे पडलं तरी बोलत नाही.

२०१७ साली मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकल रेसिंगच्या सगळ्यात वरच्या जागतिक स्पर्धेत, तीन वेळचा विश्वविजेता होर्हे लोरेन्झो डुकाटीच्या टीममध्ये होता आणि विजेतेपदासाठी लढत होता त्याचा साथीदार आंद्रेया डोव्हिझिओझो. व्हॅलेन्सियाच्या शेवटच्या शर्यतीत लोरेन्झोच्या डॅशबोर्डवर टीमचा संदेश उमटला : मॅपिंग ८. मॅपिंग म्हणजे इंजिनचं सेटिंग. पण साथीदाराला पुढे जाऊ दे, असाच अर्थ सगळ्यांनी काढला. लोरेन्झो पुढेच राहिला. दोघंही पडले आणि किताब मार्क मार्केझकडे गेला. मान झुकवायची वेळ विश्वविजेत्यावरही येते. पण मोटोजीपीत टायरचा कोटा रायडरमागे ठरलेला असतो, दोघांना सारखाच. लोरेन्झो किती वेगवान आहे, हे स्वतः लोरेन्झोला माहीत होतं.

आमच्या मित्राकडे एक दोनशे पानी वही आहे. प्रत्येक टायमिंगपुढे तो टायरचं वय लिहितो. बारा लॅप. अठरा लॅप. बावीस लॅप. एकाच पानावर 'शून्य' आहे. त्या दिवशी पहिल्या रायडरला ताप होता. ह्याला कोरा टायर मिळाला, तीन लॅप झाले आणि पाऊस आला. त्या तीन लॅपमधलं मधलं टायमिंग वहीतलं सगळ्यात चांगलं आहे.

त्या वेळी पिटमध्ये स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. टीमकडे माझं मागणं फार नाही. पुढच्या फेरीला त्याला टायरचा एक नवा सेट द्या, आणि कोरड्या ट्रॅकवर वीस मिनिटं.