माऊस आणि कीबोर्ड दोन, मेनूतली निवड मात्र एकच

नमस्कार मंडळी! आज पायगेममधला, म्हणजे पायथन भाषेत खेळ बनवायच्या लायब्ररीतला मेनू.

[स्क्रीनवर चार ओळी: नवा खेळ, पुढे चालू, सेटिंग्ज, बाहेर पडा]

बघा, माऊस ‘सेटिंग्ज’वर नुसता पडून आहे. मी वरचा बाण दाबते. हायलाइट जेमतेम हलला आणि परत ‘सेटिंग्ज’वर! कितीही दाबा, तेच. कारण आपला कोड दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीन नव्याने रंगवताना दर वेळी, गेट_पॉस या फंक्शनकडून माऊसची जागा घेतो, सेकंदाला 60 वेळा. माऊस हलो न हलो, जागा मिळतेच आणि कीबोर्डने केलेली निवड पुसली जाते. हात थरथरतात म्हणून माऊस धरता येत नाही अशी माणसं सगळं कीबोर्डवरच करतात. त्यांचा खेळ इथेच अडतो, आणि हे मला अजिबात चालत नाही.

म्हणून ‘निवड’ नावाचं एकच व्हेरिएबल ठेवा, त्यात निवडलेल्या ओळीचा नंबर, 0 ते 3. माऊसने ते बदलायचं ते फक्त माऊसमोशन इव्हेंट (पायगेमने दिलेली घडामोडीची खबर) आला तर, म्हणजे माऊस खरोखर हलला तरच. प्रत्येक ओळीच्या रेक्टवर, म्हणजे तिच्या चौकटीवर, कोलाइडपॉइंट लावा; माऊस त्या चौकटीत आहे का, ते तो सांगतो. जिथे ट्रू, तो नंबर ‘निवड’मध्ये. माऊस कुठल्याच ओळीवर नसेल तर ‘निवड’ला हात लावू नका, नाहीतर पुढचा बाण मोजायचा कुठून? आणि हायलाइट रंगवताना माऊसकडे बघायचंच नाही.

बाणांसाठी कीडाऊन इव्हेंट घ्या, तो कळ दाबली की एकदाच येतो. कळ आत्ता दाबलेली आहे का हे सांगणारं गेट_प्रेस्ड दर फ्रेमला तपासलंत, तर एका दाबात चार-पाच ओळी उडतील. वरच्या टोकाला ‘(निवड - 1) % 4’ करा, % म्हणजे भागाकारातली बाकी. पायथनमध्ये -1 % 4 म्हणजे 3, थेट शेवटची ओळ. सी किंवा जावात मात्र उत्तर -1 येतं, तिथे आधी 4 मिळवा.

आता क्लिक. माऊसबटनडाऊन, म्हणजे बटण दाबल्याचा इव्हेंट, त्यात बटण 1 (डावं) आहे ना, हे तपासाच. चाक फिरवलं तरी हाच इव्हेंट येतो, 4 आणि 5 नंबरने. नुसतं स्क्रोल केलं आणि खेळ सुरू झाला, असं होतं. दाबताक्षणी काही करू नका, कुठली ओळ दाबली तेवढं लक्षात ठेवा. माऊसबटनअप, म्हणजे बटण सोडल्याचा इव्हेंट, आल्यावर कोलाइडपॉइंटने पुन्हा बघा, तीच ओळ असेल तरच पुढे जा. चुकून ‘बाहेर पडा’ दाबलं गेलं तर बोट न उचलता माऊस बाजूला ओढून वाचता येतं.

एंटरलाही क्लिकचंच फंक्शन जोडा. फक्त नमपॅडवरच्या एंटरचा कोड वेगळा आहे, के_केपी_एंटर. नेहमीच्या एंटरच्या के_रिटर्नसोबत तोही घ्या.