खडकवासला भरलं का, एवढंच विचारून भागत नाही

जुलै लागला की आपण पुणेकर एकमेकांना एकच विचारतो, खडकवासला भरलं का? मीही विचारतो. पण जरा आकडे बघा. पुण्याला पाणी देणारी चार धरणं मिळून क्षमता साधारण २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यात वरसगाव जवळपास १३, पानशेत साडेदहा, टेमघर पावणेचार, आणि खडकवासला दोनच्याही आत. वरच्या तिघांचं पाणी याच्यातूनच खाली येतं, म्हणून घाटात दोन दिवस धो-धो पाऊस झाला की ते लगेच भरतं आणि मुठा नदीत पाणी सोडावंच लागतं, ते कुठे साठवणार?

२५ जुलै २०२४ आठवतो ना? सिंहगड रस्त्याजवळ, नदीकाठच्या एकतानगरीत पहाटे घरात पाणी शिरलं, लोकांना सामान उचलायलाही वेळ मिळाला नाही. आणि त्याच वर्षी मे महिन्यात उपनगरांत टँकरसाठी रांगा होत्या. एकाच शहरात दोन महिन्यांच्या अंतरानं हे दोन्ही! पाऊस कमी झालाय असं नाही हो, तो थोड्या दिवसांत एकदम पडतो, मध्ये लांबलचक उघडीप, आणि आपलं सगळं नियोजन १५ जुलैपर्यंत साठा पुरवायचा या हिशोबावर. शिवाय हेच पाणी कालव्यानं दौंड, इंदापूरच्या शेतीलाही जातं, तो त्यांचा हक्क आहे, हे आपण शहरातली माणसं फार पटकन विसरतो. मुंढव्यातून प्रक्रिया केलेलं सांडपाणी बेबी कालव्यात, म्हणजे शेतीला पाणी नेणाऱ्या जुन्या कालव्यात, सोडतात त्याचं म्हणूनच मला महत्त्व वाटतं, पण ते नीट शुद्ध झालेलं असलं पाहिजे, शेतकऱ्याला घाण पाणी देऊन पाणी वाचवलं म्हणणं मला मान्य नाही.

पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजच्या तलावातून नळ टाकून शहरात पाणी आणलं, वाटेत उच्छ्वास, म्हणजे हवा सुटायला आणि गाळ बसायला मनोऱ्यासारखे टप्पे, बांधले, गाळ तिथेच खाली बसायचा आणि पुढे हौदांत पाणी जायचं. पंप नाही, वीज नाही, नुसता जमिनीचा उतार! माणसांनी आधी जमीन वाचली आणि मग बांधकाम केलं, मला हे फार भारी वाटतं.

आपली जमीन म्हणजे काळा पाषाण, पाणी त्याच्या भेगांमध्येच राहतं, आणि ते मुरतं कुठे तर टेकड्यांवर, ओढ्याकाठी, मोकळ्या मातीत. तिथे आपण काँक्रीट ओततो आणि मग बोअर आणखी खोल मारतो. आमच्या सोसायटीत पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला शोषखड्डा होता, कागदावर सगळं व्यवस्थित, पण उघडून बघितलं तर तो गाळानं गच्च आणि गच्चीचा पाइप थेट ड्रेनेजला जोडलेला. किती वर्षं पाऊस गटारात घालवला असेल, त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. गाळ काढला, खाली मोठे दगड, वर खडी, वाळू, आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह बसवला, बस.

आता प्रश्न घेऊया. आणि पुढच्या वेळी येताना प्रत्येकानं आपल्या गच्चीचा पाइप खाली कुठे जातो त्याचा फोटो आणा, आपण एकेक बघू.