मोबाइल पालथा ठेवा, मग मास्तर निवडा

[दृश्य: सकाळचा रंकाळा. कट्ट्यावर चहाचे ग्लास, बाजूला काढून ठेवलेल्या कानटोप्या.]

रंकाळ्याच्या कट्ट्यावर रोज सकाळी एक पिक्चर निघतो. त्याला निर्माता नाही, कॅमेरा नाही, कुणाच्या तारखा घ्यायच्या नाहीत. फक्त नटांची नावं ठरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोडतात.

गेला महिनाभर तिथं 'पिंजरा' चाललाय. प्रश्न एकच. हा पिक्चर आज परत काढायचा झाला, तर मास्तर कोण? चंद्रकला कोण? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, निळूभाऊंच्या जागी कोण?

कट्ट्यावरच्या मंडळींनी मास्तरांसाठी आतापर्यंत सचिन खेडेकर, किशोर कदम, गिरीश कुलकर्णी, जितेंद्र जोशी अशी सगळी नावं घेऊन झाली. चंद्रकलेसाठी तर मारामारीच. एक म्हणतो, 'नटरंग'मधली सोनाली कुलकर्णी. दुसरा म्हणतो, 'चंद्रमुखी' केलेली अमृता खानविलकर. तिसऱ्याला गावाचा अभिमान. तो म्हणतो, आपल्या कोल्हापूरची उषा जाधव आहे की, 'धग'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली. तिला सोडून बाहेर कशाला जायचं?

माझे मामा यातल्या कुणाच्याच बाजूनं बोलत नाहीत. ते चहा संपेपर्यंत गप्प बसतात. मग खिशातला मोबाइल काढून कट्ट्यावर पालथा ठेवतात.

"तोंड बघालायसा तुम्ही," म्हणतात. "डोळं मिटा. आता सांगा, मास्तर कोण."

[दृश्य: पालथा मोबाइल. त्यातून एका नटाचा आवाज. कॅमेरा आवाजाकडे नाही, ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे.]

या खेळाचा नियम मामांनी केलाय. नटाची कुठलीही क्लिप लावायची, पण पडदा खाली. नाक, डोळे, उंची, केस, काही दिसता कामा नये. कानाला पटला तर पुढं, नाहीतर घरी.

हा नियम कुठून आला, ते कळायला मामांची नोकरी माहीत पाहिजे. १९७२ साली 'पिंजरा' आला, तेव्हा मामा अठरा वर्षांचे होते आणि एका टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. हातात बॅटरी, अर्धं फाडलेलं तिकीट, बसायला लोखंडी स्टूल. डोअरकीपर रोज पिक्चर फुकट बघत असणार असं आपल्याला वाटतं. मामा म्हणतात, "खुळा का काय? बघायला कोण सोडतंय? मी दाराच्या भाईर. तीन, सहा, नऊ, तिन्ही खेळ निस्ता आयकायचा."

म्हणजे मामांनी 'पिंजरा' पाहिला एकदा आणि ऐकला शेकडो वेळा. जाड काळ्या पडद्याआडून आणि लाकडी दारातून. त्यांना विचारलं, कसा आहे पिक्चर, तर ते गोष्ट सांगत नाहीत. ते म्हणतात, "आधी मास्तरांचं भाषण आयकू यायचं, लांबनं सुदिक, शब्द न् शब्द. मग हळूहळू मास्तर बारीक बारीक होत जायचे आन् ढोलकी मोठी व्हायची. मध्यंतरानंतर तर दाराला हात लावला तरी ढोलकी लागायची."

मी ही गोष्ट बऱ्याच समीक्षा वाचूनही इतक्या थोडक्यात कुठं वाचलेली नाही. तमाशाचा फड गावाबाहेर काढायला निघालेला आदर्श मास्तर त्याच फडात अडकतो. दुसऱ्याच माणसाचं प्रेत मास्तरांचं समजून गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि शेवटी मास्तरांवर खटला चालतो तो स्वतःच्याच खुनाचा. सगळा उतार आहे, आणि मामांनी तो पायऱ्या मोजाव्यात तसा कानानं मोजलाय.

म्हणून मास्तर निवडायचा तो उतरणारा आवाज निवडायचा. नुसता भारदस्त चालणार नाही. भारदस्त आवाज महाराष्ट्रात पैशाला पासरी आहेत. निवडणुकीच्या दिवसांत रिक्षातूनही ऐकू येतात.

[दृश्य: जुन्या पोस्टरचे तुकडे. कागदाच्या घड्या.]

श्रीराम लागूंचा हा पहिला चित्रपट. त्याआधी ते डॉक्टर होते, आणि कसले, तर कान-नाक-घशाचे. ही माहिती मी कट्ट्यावर दिली तेव्हा मामा अर्धा मिनिट काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग बरोबर हाय."

व्ही. शांतारामांनी डॉक्टरांना निवडलं ते कानानं की डोळ्यांनी, ते आपण ठरवायला नको. पण शांताराम कोल्हापूरचे होते, आणि आवाजामुळं नटांची पत्ती कशी पिसली जाते, ते या गावानं फार जवळून पाहिलंय.

[दृश्य: खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ. शेजारून जाणारी दुचाकी, भाजीची गाडी.]

बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आला. त्या काळात बायकांच्या भूमिका पुरुष करायचे, नाटकात आणि सिनेमातही. बाबूरावांनी हट्टानं दोन बायका उभ्या केल्या, गुलाबबाई आणि अनुसयाबाई. पडद्यावर त्यांची नावं बदलली, कमलादेवी आणि सुशीलादेवी. तरी समाजानं त्यांना वाळीत टाकल्यासारखंच वागवलं. नटी निवडणं म्हणजे भांडण, ही रीत कोल्हापुरात तेव्हापासूनची.

मग १९२५ साली 'सावकारी पाश'. सावकारानं जमीन गिळलेला शेतकरी पोटासाठी शहरात गिरणीकडे जातो. तो तरुण शेतकरी झाले होते स्वतः शांताराम. मूकपट होता. शेतकऱ्याचा आवाज कसा असावा, हा प्रश्नच नव्हता. अंग वाकलं की झालं.

अकरा वर्षांनी, १९३६ साली, बाबूरावांनी तोच 'सावकारी पाश' परत काढला. या वेळी बोलपट. म्हणजे जो खेळ आम्ही रंकाळ्यावर चहा पीत खेळतो, तो बाबूराव पेंटरांनी खराखुरा खेळलाय, स्वतःच्याच पिक्चरशी. आता शेतकऱ्याला बोलायचं होतं.

मधल्या काळात, १९३२ साली, प्रभात फिल्म कंपनीनं कोल्हापुरातच 'अयोध्येचा राजा' केला. मराठीत आणि हिंदीतही. त्यात हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे. हार्मोनियमवर राज्य करणारा माणूस, गायक, संगीतकार. राजाला आता तलवारीइतकाच सूरही पेलायचा होता. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली, ते दुखणं जुन्या कोल्हापूरकरांजवळ काढू नका. चहा गार होतो.

आणि एक गंमत. 'पिंजरा'ची मूळ गोष्ट आपली नाही. जर्मन लेखक हाइनरिश मान यांची १९०५ ची कादंबरी, तिच्यावर १९३० साली निघालेला 'द ब्लू एंजल', आणि तिथून फिरत फिरत ती मराठी फडात आली. त्या जर्मन पिक्चरमधले मास्तर होते एमिल यानिंग्ज. अभिनयाचं पहिलं ऑस्कर मिळालेला नट, मूकपटांचा. हॉलिवूडमध्ये बोलपट आले, यानिंग्जचं इंग्रजी जर्मन हेलाचं, आणि त्यांना मायदेशी परतावं लागलं. ज्याचं तोंड सगळ्या जगाला चाललं, त्याचा आवाज एका देशाला चालला नाही.

मामांना हे सांगितल्यावर त्यांनी मोबाइलवर हात ठेवला. "बघ," म्हणाले. "ह्येच सांगालोय महिनाभर."

[दृश्य: पालथा मोबाइल पुन्हा. आवाज बदलत जातात.]

तर मग आमची यादी.

मास्तरांसाठी किशोर कदम कानाला पटले. कवी माणूस, शब्द टाकण्याआधी थांबतो, आणि ते थांबणं दाराबाहेरही ऐकू येतं. पण भाषणाचा चढ? तिथं मंडळींत दोन तट पडले ते अजून आहेत.

निळू फुल्यांची जागा. इथं सयाजी शिंदे यांची क्लिप लावली, तेव्हा कट्ट्यावरचे दोघं आपोआप ताठ बसले. साताऱ्याकडचा तो खरखरीत आवाज. मामा म्हणाले, चालेल. आणि लगेच म्हणाले, पण निळूभाऊ ओरडत नव्हते, ते हळू बोलले की भीती वाटायची. मग पुढं पंधरा मिनिटं कुणीच काही लावलं नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ती जागा रिकामी ठेवून पिक्चर काढावा. पण मला कोण विचारतंय.

खरी अडचण वेगळीच निघाली. संवाद शंकर पाटलांचे. पट्टणकोडोलीचा माणूस. त्यांची मराठी बोलायला जीभ या मातीत लोळलेली पाहिजे. आणि पडदा खाली करून टीव्हीवरच्या गावाकडच्या मालिका ऐकल्या, की फसवणूक लगेच उघडी पडते. फेटा बरोबर, पायताण बरोबर, मिशी झकास. पण वाक्याच्या शेवटी नुसतं "रं" आणि "की" चिकटवलं म्हणजे कोल्हापुरी झाली, असं कुणीतरी मुंबईत ठरवलेलं दिसतं. मामा याला "पावडर लावल्याली भाषा" म्हणतात. खऱ्या कोल्हापुरीत "रं" कमीच असतो. तिचा सगळा जीव क्रियापदात: करालोय, बघालायस, जायाचं न्हवं.

गाण्यांचं काय करायचं, यावर मात्र एका मिनिटात एकमत झालं. राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांची गाणी, हात लावायचा नाही. खेबुडकर इथले, आणि पेशानं शिक्षक. तमाशाच्या नादी लागलेल्या मास्तरांच्या पिक्चरसाठी लावण्या लिहिल्या त्या एका खऱ्या मास्तरांनी, आणि ते काही बिघडले नाहीत. मामा म्हणतात, हा पिक्चरला कोल्हापूरनं दिलेला जवाब आहे.

[दृश्य: केशवराव भोसले नाट्यगृह. जळालेल्या भिंतींचे जुने फोटो.]

नवे आवाज शोधायचे तर पूर्वी जागा ठरलेली होती. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. स्पर्धेच्या दिवसांत मागच्या रांगेत डोळे मिटून बसावं, नटाचा कस लागायचा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसं नाटकवालीच होती असं नाही.

[दृश्य: मामांचं घर. सोप्यात टांगलेला झोपाळा. आतून भांड्यांचा आवाज.]

चंद्रकला अजून ठरलेली नव्हती. त्या दिवशी आम्ही मामांच्या घरी यादी पुढं चालवत होतो. नाच येणाऱ्या पुष्कळ आहेत, पण मामांचा हट्ट असा की, चाळ पायात बांधायच्या आधीच चंद्रकला ऐकू आली पाहिजे.

तेवढ्यात मामांची नात कॉलेजातून आली. एकांकिकेच्या तालमीतून, घसा बसलेला. चपला काढता काढता म्हणाली, "आजोबा, मी आलो. जेवलो बाहेरच."

ज्यांना कोल्हापूर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथल्या पुष्कळ मुली असंच बोलतात. मी आलो, मी गेलो, मी जेवलो. बाहेरगावचा माणूस दचकतो, आपल्याला त्यात काही वाटत नाही.

मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "लिव्ह. चंद्रकला."

आतून मामी म्हणाल्या, "तमाशातली बाई करायला आमचीच पोरगी गावली व्हय?"

मला एकदम गुलाबबाई आणि अनुसयाबाई आठवल्या. शंभर वर्षं झाली त्याला. मी काही बोललो नाही. मामींच्या घरी जेवायचं होतं.

पोरीनं मात्र यादीचा कागद ओढून घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. मास्तरांपुढं दोन नावं, दोन्ही खोडलेली.

"चंद्रकला नको," ती म्हणाली. "मास्तर मी करतो की."

आम्ही हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी उठून बाहेरचं दार ओढून घेतलं आणि तिला म्हणाले, "तू अंगणात जा. दाराच्या पल्याड हुबी ऱ्हा."

ती गेली. मामा स्टुलावर बसले, दाराला कान लावून.

"हं," ते म्हणाले. "बोल आता."