खीरगंगा : बर्फाच्या मुलखातले उन्हाळे

कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळे म्हणतात. राजापूरजवळच्या एका गावाचे नावच उन्हाळे आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्याच उन्हवऱ्याच्या नावातही तो ‘ऊन ऊन भात’ मधला ऊन दडलेला आहे. पण ही सारी उन्हाळी गावाला लागून, गाडीरस्त्याच्या कडेला आहेत. आज आपण ज्या उन्हाळ्याकडे निघालो आहोत, तिथे गाडी जात नाही. हिमाचल प्रदेशातल्या कुल्लू जिल्ह्यात, पार्वती नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,950 मीटर उंचीवर असलेली खीरगंगा पायी चालणाऱ्यालाच भेटते.

भुंतरला पार्वती आणि बियास यांचा संगम होतो. तिथून पार्वतीच्या काठाने वर निघाले की जरी, कसोल आणि मणिकर्ण अशी गावे एकामागून एक लागतात, आणि खोरे अरुंद होत जाते. मणिकर्णला थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण या खोऱ्याच्या पोटात किती उष्णता आहे हे तिथे डोळ्यांना दिसते. नदीचे पाणी हिमनद्यांतून आलेले, हात बुडवला तर बोटे बधिर करणारे. आणि त्याच नदीच्या काठावर, काही पावलांवर, जमिनीतून उकळते पाणी वाफेसह उसळत असते. गुरुद्वाऱ्याच्या लंगराचा भात याच पाण्यात शिजतो, आणि यात्रेकरू कापडाच्या पुरचुंडीत तांदूळ बांधून कुंडात सोडतात. पार्वतीच्या कानातला मणी हरवला आणि शेषनागाच्या फूत्काराबरोबर तो उकळत्या पाण्यातून वर आला, ही मणिकर्ण या नावामागची कथा इथे प्रत्येक दुकानदार सांगतो.

मणिकर्णच्या पुढे बरशैणीला डांबरी रस्ता संपतो. तोष नाला इथेच पार्वतीला मिळतो. समोर जे काँक्रीटचे धरण दिसते, ते 800 मेगावॉटच्या पार्वती जलविद्युत प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचे आहे. येथून एकतीस किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा डोंगर पोखरून नदीचे पाणी शेजारच्या सैंज खोऱ्यात नेतो. रानातल्या झऱ्याकडे निघालेल्या माणसाला वाटेच्या तोंडाशीच हे दृश्य दिसावे, हे काहीसे खटकते. पण या खोऱ्याचे चित्र त्याच्याशिवाय पुरे होत नाही, म्हणून कॅमेरा इथे थोडा वेळ थांबवला आहे.

येथून खीरगंगेपर्यंत साधारण बारा किलोमीटरची चाल आहे, आणि चढ सुमारे साडेसातशे मीटरचा आहे. सह्याद्रीत चालण्याची सवय असलेल्याला हा चढ फार वाटणार नाही, मात्र हवा विरळ होत असल्याने दम लवकर लागतो, आणि त्याचा दोष लोक उगाच वयाला देतात. वाटा दोन आहेत. नदीच्या डाव्या तीरावरची वाट कलगा गावच्या सफरचंदांच्या बागांमधून सरळ जंगलात शिरते. ती सावलीची आहे, पण फाटे फुटलेली आहे आणि नवख्याला चकवते. आम्ही उजव्या तीराची, नकथान गावातून जाणारी जुनी वाट धरली. नकथानची जुनी घरे काठकुणी पद्धतीची आहेत. देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे थर आलटून पालटून रचायचे, सांध्यात चुना किंवा सिमेंट घालायचे नाही, आणि भूकंपाचा हादरा आला तर घराला थोडे हलू द्यायचे, असा त्या बांधणीमागचा विचार आहे. खाली गुरे, वर माणसे, आणि सज्जात वाळत टाकलेले मक्याचे दाणे.

नकथाननंतर रुद्रनाग लागतो. खडकावरून नागमोडी उतरणाऱ्या या प्रपाताला स्थानिक लोक देवता मानतात, आणि शेजारी लहानसे देऊळ आहे. पुढे पुलावरून नदी ओलांडली की खरा चढ सुरू होतो. देवदार आणि रई, म्हणजे स्प्रूस, या सूचिपर्णी झाडांच्या जंगलातून वाट वळणे घेत वर जाते, मुळांच्या पायऱ्या होतात, आणि खालून येणारा नदीचा आवाज हळूहळू मागे पडतो. पावसाळ्यात ही वाट टाळावी, कारण उतार निसरडे होतात आणि दरडी कोसळतात. हिवाळ्यात ती बर्फाखाली जाते. आम्ही ऑक्टोबरात आलो आहोत. दुपारचे ऊन अंगावर आहे आणि सावलीत पाय टाकला की थंडी जाणवते.

जंगल संपते आणि एकाएकी मोकळे कुरण येते. समोर बर्फाची शिखरे, कुरणाच्या वरच्या टोकाला शिवमंदिर, आणि त्याच्याजवळून उठणारी पांढरी वाफ. झरा कुंडाच्या वरच्या अंगाला आहे. तिथून पाणी कुंडात येईपर्यंत थोडे निवते, म्हणूनच त्यात माणसाला बसता येते. पाण्याला गंधकाचा मंद वास आहे, आणि वाहत्या पाण्यात पांढुरके तंतू व साय धरल्यासारखे तुकडे तरंगताना दिसतात.

खीरगंगा हे नाव त्या पांढुरकेपणावरून आले. कार्तिकेय येथल्या गुहेत युगानुयुगे तपाला बसला, आणि त्याच्यासाठी पार्वतीने खिरीची धार वाहती केली, असे इथे सांगतात. पुढे कलियुगात या खिरीवरून माणसे आपसात भांडतील, म्हणून परशुरामाने तिचे पाणी करून टाकले. कोकणाची भूमी समुद्राकडून मिळवून देणारा तोच परशुराम इथे, इतक्या दूर, वेगळ्याच कामासाठी भेटतो. कथेचा शेवटचा भाग मला विशेष वाटतो, कारण खीर राहिली असती तर काय झाले असते, याचा अंदाज कुंडाच्या काठी बसल्यावर सहज येतो.

हे पाणी तापते कसे, याचे उत्तर ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. हिमालयाच्या या भागात धुमसणारा ज्वालामुखी नाही. शिखरांवर पडलेले बर्फ आणि पाऊस यांचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपते. पृथ्वीच्या कवचात दर किलोमीटर खोलीमागे तापमान साधारण पंचवीस ते तीस अंश सेल्सियसने वाढते, आणि जिथे पर्वत वेगाने उंचावत आहेत तिथे खोलातला तप्त खडक वर ढकलला जात असल्याने ही वाढ अधिक वेगाने होते. तापलेले पाणी हलके होऊन, सापडेल त्या भेगेतून पुन्हा वर येते, आणि बहुधा खोऱ्याच्या तळाशी किंवा उतारावर बाहेर पडते. पालघरपासून राजापूरपर्यंत पश्चिम किनाऱ्याला समांतर पसरलेली आपली उन्हाळीही ज्वालामुखीमुळे नव्हे, तर अशाच खोल भेगांतून फिरून आलेल्या पावसाच्या पाण्यामुळे तापलेली आहेत. म्हणजे या कुंडात उतरणारा माणूस, पाहू गेल्यास, जुन्या बर्फातच उतरत असतो.

कुंड दगड-सिमेंटने बांधलेले आहे. पुरुषांचे कुंड उघडे आहे, आणि स्त्रियांसाठी वेगळे, भिंतींनी आडोसा केलेले कुंड आहे. उतरण्याआधी बाहेरच्या धारेखाली अंग धुवावे लागते, आणि कुंडात साबण लावायचा नाही. मंदिराशी निगडित असल्याने हे तीर्थ आहे, तरणतलाव नव्हे, याची आठवण इथली वडीलधारी माणसे आवाज न चढवता पण निःसंकोच करून देतात. पाण्यात पहिले पाऊल टाकताना चटका बसल्यासारखे होते, मग पोटऱ्यांतला दिवसभराचा ताण सैल होतो, आणि मानेपर्यंत बुडालेल्या माणसाच्या केसांवर थंडीचे दव धरू लागते. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर यावे हे उत्तम. उंचीवर, थकलेल्या अंगाने, उपाशीपोटी फार वेळ बसलेल्याला उठताना घेरी येते. मद्य घेऊन तर उतरूच नये.

संध्याकाळी कुरणावरच्या ढाब्यांत कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही आणि कुकरला पर्याय नसतो. एके काळी या कुरणावर तंबूंची इतकी दाटी झाली होती, की न्यायालयाच्या आदेशानंतर 2018 मध्ये वनविभागाला ते हटवावे लागले. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या तरुणांचे जथेही त्या गर्दीत होते, हे आपण मराठी माणसांनी नाकारू नये. जंगलाच्या कडेला आजही चिप्सची पाकिटे आणि प्लास्टिकच्या बाटल्या दिसतात. प्रत्येक रिकामी बाटली भरलेली असताना कोणाच्या तरी पाठीवरून वर आलेली आहे, आणि रिकामी झाल्यावर ती हलकीच झालेली असते.

खीरगंगेच्या पुढेही वाट आहे. टुंडाभुज, ठाकूरकुआँ, पांडुपूल असे मुक्काम करत ती पार्वतीचा उगम मानल्या जाणाऱ्या मानतलाई सरोवराकडे, आणि तिथून 5,319 मीटर उंचीची पिन-पार्वती खिंड ओलांडून स्पितीत जाते. उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ आपले कळप घेऊन याच बाजूच्या वरच्या कुरणांवर जातात. गिर्यारोहकांच्या नकाशात खीरगंगा ही त्या लांब वाटेवरची शेवटची ऊबदार जागा आहे.

पहाटे पाचला कुंडावर कोणी नसते. पुजाऱ्याच्या कंदिलाचा उजेड, वाफ, आणि पाणी पडण्याचा अखंड आवाज. कुंड भरून सांडलेले पाणी गवतातून ओहळ करत उताराला लागते, काही अंतरापर्यंत त्यातून वाफ निघताना दिसते, मग ती विरते, आणि पाणी जंगलातून खाली पार्वतीत मिसळते. बरशैणीला त्यातले काही धरणापुढे वाहत जाऊन मणिकर्णच्या उकळत्या झऱ्यांना मिळते. उरलेले बोगद्यात शिरते, आणि मणिकर्ण न पाहताच डोंगरापलीकडे सैंज खोऱ्यात बाहेर पडते.