चिंच-गुळाचा खाऊ

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्राचं ऊन तापू लागलं की सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये, चोपडा, यावल, शिरपूरकडे, ओसरीवर चिंचा फोडायला बायका बसतात. झोडून आणलेल्या चिंचा आधी उन्हात चांगल्या कडकडीत होऊ द्यायच्या. मग टरफल काढायचं, शिरा ओढून घ्यायच्या आणि एकेक चिंच दगडावर धरून ठोका द्यायचा, की चिंचोका टुणकन बाहेर येतो. गर बोटांना चिकटतो, नखांत शिरतो, संध्याकाळी हात झोंबतात. एवढ्या मेहनतीने निघालेली ही चिंच वर्षभर बरणीत बसते आणि आमटीला किंवा अळूच्या भाजीला लागेल तेवढीच बाहेर येते. मला हे पटत नाही. चिंच हा खाऊ आहे. तो पुन्हा मुलांच्या आणि आपल्याही हातात यायला हवा, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

कैरी पिकली की आंबटपणा सोडते आणि आंबा होते. चिंच मात्र पिकताना गोड होते, पण आंबटपणा सोडत नाही. तिच्या गरात टार्टारिक आम्ल शेवटपर्यंत टिकून राहतं. शंभर ग्रॅम गरात साधारण ५७ ग्रॅम साखर असते, यावर जीभ विश्वास ठेवत नाही. तिला आधी आंबटच लागतं. म्हणून चिंचेत गूळ पडला की तिची स्वतःची झाकलेली गोडी वर येते, आणि मीठ पडलं की दोन्ही चवी एकदम बोलायला लागतात. तिखट मागाहून.

थंडीत हिरवी, कोवळी चिंच मिळते तेव्हाचा खाऊ अगदी साधा. कोवळे आकडे, लवंगी मिरची, लसूण, जिरे, मीठ, सगळं खलबत्त्यात ठेचायचं, वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल. कळण्याच्या भाकरीबरोबर हा ठेचा असला की दुसरं कालवण लागत नाही. त्यानंतर महाशिवरात्रीच्या सुमारास चिंच गाभुळते. टरफल सुटं होतं, आत गर अजून हिरवट-तांबूस असतो. तिला काहीच करू नये. मीठ लावावं आणि खावी.

पिकलेल्या चिंचेची गोळी मात्र निगुतीने करायची गोष्ट आहे. एक वाटी चिंच घ्या, यंदाची, तांबूस. चिंचोका किंवा शीर राहिली असेल तर बोटांनी चाचपून काढा, कारण ती नेमकी दातात येते. आधी नुसती चिंच आणि चमचाभर मीठ एवढंच कुटा. मीठ लागलं की गर सैल पडतो, बत्त्याला धरून वर यायला लागतो. मग वाटीभर गूळ, मऊ, किसलेला. चिकीचा गूळ नको, तो नंतर दगड होतो. गूळ मिसळताना रंग बदलतो ते बघा: तांबूस गर गडद होत जातो आणि त्याला चकाकी येते. आता भाजून भरडलेले जिरे, लाल तिखट आणि असलं तर थोडं काळं मीठ. हाताला तेल लावून बोराएवढ्या गोळ्या वळा आणि काडीला लावा. पाण्याचा थेंबही घालू नका. आत पाणी गेलं की बुरशी आलीच. कोरडी गोळी बरणीत खूप दिवस टिकते.

आपल्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या असं सगळं गोड पोटात गेल्यावर ही आंबट-तिखट गोळी फार बरी वाटते. शेजारच्या वऱ्हाडात याच सणाला चिंच आणि गुळाची चिंचवणी करतात. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात गेला की आपणही ती करायला हरकत नाही. चिंच भिजवून कोळ काढायचा, गूळ, मीठ, वेलची घालायची आणि माठातलं पाणी घालून पातळ करायचं. बाटलीतल्या रंगीत सरबतापेक्षा मी पाहुण्यांना हेच देईन.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. चिंच तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. जे आम्ल भांडं घासून लखलखीत करतं, तेच धातू खाण्यात उतरवतं. स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी चांगली. आणि मुलांनी गोळी चोखून झाली की नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरू द्या. लगेच ब्रश नको, आम्लाने दातांवरचं कवच तेवढ्या वेळापुरतं मऊ झालेलं असतं.

बाजारात अखंड चिंच आणि फोडलेली चिंच असे दोन ढीग दिसतात. खाऊसाठी घेताना फोडलेलीच घ्या, पण चिमूटभर चाखून. काळी पडलेली चिंच जुनी असते. ती आमटीला चालते, गोळीला नाही. आणि अखंड घेतलीत तर चिंचोके टाकू नका. कढईत खरपूस भाजून, साल काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी मऊ झालेले चघळायला मिळतात.

नमस्कार.