ल्युअरचा रंग: माशासाठी की गिऱ्हाइकासाठी?

मित्रहो, कोकणच्या खाडीत पाणी आणि हवा पाहून ल्युअरचा, म्हणजे गळाला लावायच्या कृत्रिम आमिषाचा, रंग कसा निवडावा, हा आजचा जाहीर विषय आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी एक जुनी तक्रार मांडण्याची मुभा द्यावी, कारण समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या पेटीत तिचा पुरावा सापडेल.

मुंबईतील एका दुकानदाराने मला एकदा लालभडक ल्युअर दाखवला. पाच-सहा मीटर खोल बुडी मारणारा, खवल्यान् खवला रंगवलेला, कल्ल्यापाशी रक्ताचा ओघळसुद्धा काढलेला! ‘लाल म्हणजे रक्त, मासा वेडा होतो,’ असे त्यांचे म्हणणे. नितळ समुद्रातही तेवढ्या खोलीवर लाल प्रकाशाचा बहुतांश भाग पाण्याने शोषलेला असतो, म्हणून तेथे हा ल्युअर काळपट दिसेल, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, ‘साहेब, मासा तक्रार घेऊन येत नाही.’ ते खरेच होते. तो ओघळ ट्यूबलाइटखाली उभ्या असलेल्या माणसासाठी काढलेला होता आणि माणूस गळाला लागलाही, कारण माझ्या सोबत्याने तेथल्या तेथे दोन घेतले. पुढे त्यांतल्या एकावर त्याला तांबोशी मिळाली आणि तेव्हापासून तो लाल रंगाची शपथ घेतो. माझ्या मते त्या माशाने काळ्या आकृतीवर झडप घातली होती. परंतु मैत्री टिकवायची असल्याने हा मुद्दा मी येथेच, त्याच्या गैरहजेरीत मांडतो आहे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा विषयाकडे येतो. मासा रंगापेक्षा आधी उठाव, म्हणजे आकृती भोवतालातून किती उठून दिसते ते, पाहतो, एवढेच माझे प्रतिपादन आहे. उधाणाच्या दिवसांत प्रवाहाने गाळ उठतो, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असते त्या दिवसांत, पाणी निवळते. एकाच खाडीत आठवड्याभरात निराळे ल्युअर लागतात ते त्यामुळे. गाळ आणि कुजक्या पाल्याचा अर्क निळा प्रकाश आधी खातात. पिवळा-नारिंगी त्यातल्या त्यात तग धरतो. म्हणून पावसाळी गढूळ पाण्यात चमकता पोपटी किंवा नारिंगी घ्यावा. हे फ्लुरोसंट रंग पडलेला प्रकाश जास्त लांबीच्या लहरींत परत फेकतात, त्यामुळे आजूबाजूच्या पाण्यातून उठून दिसतात. अर्थात मुळात प्रकाश असला तरच.

पाऊस सरून पाणी निवळले आणि ऊन असले, तर बोयी माशासारखा काळपट पाठीचा, चंदेरी अंगाचा ल्युअर पुरे. आभाळ भरून आले की चंदेरी अंगाला चमकायला ऊन नसते. तेव्हा पांढरा किंवा सोनेरी घ्यावा.

संध्याकाळनंतर मात्र काळा. जिताडा या शिकारी माशाच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा पडदा असतो, विजेरी मारली की तो डोळा चकाकतो तो त्यामुळेच. मंद उजेडात तो आपल्यापेक्षा पुष्कळ पाहतो आणि अनेकदा खालून वर येऊन भक्ष्य उचलतो. फिकट आभाळासमोर काळ्याइतकी ठळक आकृती दुसऱ्या कोणत्याही रंगाची उमटत नाही. याच कारणाने ल्युअर विकत घेताना तो उलटा करून पोटाचा रंग पाहावा. पाठीवरची नक्षी खालच्या माशाला दिसतच नाही.

नमुने या टेबलावर मांडले आहेत. गऱ्या काढलेल्या नाहीत, तेव्हा हात जपून लावावा. आता प्रश्न विचारावेत.