बंद पडल्यानंतरची दहा मिनिटं

चावी ऑन केली की मागून टाकीतून एक बारीक आवाज येतो, ऐका जरा.

बस, दोनच सेकंद. टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला इलेक्ट्रिक पंप आहे ना, त्याचा हा आवाज. तो लाइनमध्ये प्रेशर भरतोय. दोन सेकंदांत इंजिन फिरायला लागलं नाही तर कॉम्प्युटर त्याचा सप्लाय काढून घेतो, आणि ते मुद्दाम, कारण अपघातात लाइन फुटली, इंजिन बंद पडलं आणि पंप मात्र चालूच राहिला तर पेट्रोल सांडतच राहील.

हा जुना ट्रक आहे, पेट्रोलवरचा, फ्युएल इंजेक्शनवाला. सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू होतो. मग अर्धा तास चालवला, खालून सगळं तापलं, की दोन-तीन हिसके देतो आणि बंद. सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन काही पकडत नाही. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबा, परत चावी फिरवा, काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

ज्याच्यावर ही वेळ आलीये त्याला माहितीये हा प्रकार किती छळतो, कारण गाडी दाखवायला नेली की तिथे ती कधीच बंद पडत नाही.

आधी ते हिसके नीट लक्षात घ्या. चावी काढल्यासारखं खटकन बंद पडलं असतं तर मी पहिल्यांदा इग्निशनच्या मागे लागलो असतो. हे तसं नव्हतं, पेट्रोल संपत आल्यावर गाडी जशी आचके देते तसं होतं. तरी बंद पडल्या पडल्या स्पार्क बघून घेतला, व्यवस्थित होता. मग प्रेशर गेज लावून परत चक्कर मारली, आणि बंद पडताना काटा सरळ खाली आला. म्हणजे पेट्रोलच पुढे येत नव्हतं, एवढं पक्कं झालं.

आता पंप तर आधीच बदललेला होता. नवा, चांगला पंप. बदलल्यावर थोडे दिवस गाडी बरी चालली आणि परत तेच सुरू. ज्याने बदलला त्याला मी दोष देत नाही, त्याने टाकीजवळचा कनेक्टर काढला, मीटर लावला, १२ व्होल्ट आले, सप्लाय येतोय तरी पंप फिरत नाही म्हणजे पंपच गेला, असा हिशोब. हा हिशोब शंभरातले खूप जण करतात, मी पण केलाय.

पण मीटर म्हणजे काय ते बघा. मीटरला चालायला करंट जवळजवळ लागतच नाही. वायर आतून सगळी कुजली असेल आणि केसासारखी एक तार शिल्लक असेल ना, तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. पंपाला साधारण पाच-सहा अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून जाणार कसे? म्हणून कनेक्टर काढून घेतलेलं रीडिंग मी धरत नाही. पंप जोडलेला पाहिजे, फिरायचा प्रयत्न करत असला पाहिजे, आणि बिघाड त्या क्षणी चालू असला पाहिजे. माझ्या मते या कामात एवढी एकच गोष्ट महत्त्वाची आहे, ती बंद पडल्यानंतरची दहा मिनिटं हातातून जाऊ द्यायची नाहीत.

रिलेवर, म्हणजे पंपाचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या इलेक्ट्रिक स्विचवर, पहिला संशय होता. ३० नंबरच्या पिनेवर बॅटरीचा सप्लाय, ८७ वरून पंपाकडे, आणि ८५-८६ मध्ये कॉइल. रिले टिक वाजला म्हणजे चांगला असं समजू नका, कॉइल ओढते आणि आतले पॉइंट जळून काळे झालेले असतात, टिक येतो पण करंट पलीकडे जात नाही. त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघितला, काही फरक नाही. इग्निशन स्विच, फ्यूज, रिलेच्या खालच्या सॉकेटच्या पिना, सगळं हलवून बघितलं. काही नाही.

मग आम्ही जे केलं ते अगदी साधं आहे. हा जुन्या पद्धतीचा बल्बवाला टेस्ट लॅम्प, याची एक वायर लांब करून टाकीजवळच्या कनेक्टरमध्ये पंपाच्या सप्लायच्या वायरला मागून जोडली आणि लॅम्प समोर काचेला टेपने चिकटवला. जोडताना बॅटरीचा मायनस काढून ठेवला होता आणि फायर एक्स्टिंग्विशर शेजारी होता, टाकीजवळ एक ठिणगी पुरते, यात घाई नको. लॅम्पचं दुसरं टोक सरळ बॅटरीच्या मायनसला. आता चालवताना डोळ्यांसमोर दिसणार, बंद पडताना लॅम्प गेला तर बिघाड पुढे रिलेकडे किंवा स्विचकडे, लॅम्प चालू राहिला तर बिघाड मागे, कनेक्टर, पंप नाहीतर अर्थ, म्हणजे पंपातला करंट चासीवाटे बॅटरीच्या मायनसला परत नेणारी वायर.

पस्तीस मिनिटं गेली. हिसके सुरू झाले. हे बघा, लॅम्प तसाच पेटलेला आहे, इंजिन बंद पडलं तरी. सेल्फ मारतोय, लॅम्प भक्क पेटलेला.

म्हणजे सप्लाय पंपापर्यंत येत होता. मग परत जाण्याचा रस्ता कुठे बघितला होता कोणी? सगळे प्लसच्याच मागे होते.

दुसऱ्या दिवशी मीटरची लाल वायर पंपाच्या अर्थच्या वायरला आणि काळी बॅटरीच्या मायनसला. पंप चालू असताना इथे ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसायला पाहिजेत. सुरुवातीलाच ०.४ होतं. वीस मिनिटांनी ०.९. मग २ च्या पुढे, आणि मी शेजारी बसून नुसता आकडा बघतोय, ३, ४, हिसका, परत २, आणि मग एकदम ११.८ आणि इंजिन बंद. अर्थच्या वायरवर जवळजवळ बॅटरीएवढे व्होल्ट म्हणजे पंपातून आलेल्या करंटला चासीपर्यंत रस्ताच राहिलेला नाही.

ट्रकखाली झोपून वायर पकडत पकडत गेलो. टाकीपासून हातभर अंतरावर, चासीच्या आतल्या बाजूला, सायलेन्सरच्या पाइपपासून फार लांब नाही, एक बोल्ट. त्याच्याखाली थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी. वरून बघितलं तर घट्ट बसलेलं, हाताने हलत पण नाही. बोल्ट काढला तर खाली गंजाचा खपला, आणि थिंबलच्या मानेपाशी तांबं हिरवं होऊन पावडर झालेलं. खालून गरम झालं की तो जॉइंट किंचित सरकत होता, आतला रेझिस्टन्स वाढत होता, त्या रेझिस्टन्समुळे जॉइंट अजून तापत होता. थंड झाला की परत टेकायचा. नवा पंप बसवताना वायर ओढली-ढकलली गेली असणार, म्हणून थोडे दिवस बरं वाटलं.

वायर चांगलं तांबं लागेपर्यंत मागे कापली, नवीन थिंबल दाबून बसवलं, चासीची जागा पॉलिश पेपरने घासून पांढरी केली, खाली दात्याचा वॉशर, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस, पाणी आत जायला नको म्हणून. आधी ग्रीस लावून मग बोल्ट आवळू नका, धातूला धातू टेकला पाहिजे.

मीटर परत तिथेच लावला. ०.०६. तासभर चालवला, इंजिन पूर्ण तापलेलं, ०.०७.

काढलेला पंप ठेवलाय अजून. बादलीत पेट्रोल घेऊन चालवून बघू असं कोणीतरी म्हणालं, ते मी करू दिलं नाही, उघड्या पेट्रोलशेजारी ठिणगी उडवायची नसते. टेस्ट लॅम्प आणि मीटर दोन्ही अजून काचेपाशी टेपने चिकटवलेले आहेत, पाऊस होऊन जाऊ दे, तोवर काढणार नाही.